नवोदिताच्या खांद्यावरचे ओझे : बेलापूर रोडचा झहीर आणि चाहत्यांच्या अपेक्षा

दौंड-मनमाड लोहमार्गाने जाणारा प्रवासी श्रीरामपूरला उतरतो तेव्हा स्थानकाच्या फलकावर त्याला नाव दिसते ते बेलापूर. नवखा माणूस थोडा गोंधळतो. मूळ बेलापूर गाव प्रवरेच्या काठी, स्थानकापासून काही किलोमीटर अंतरावर आहे. रेल्वे गावात न शिरता बाहेरून गेली, स्थानकाला ‘बेलापूर रोड’ म्हणण्याचा प्रघात पडला. भंडारदरा धरणाच्या पाण्यावर परिसरात ऊस फोफावला, उसामागून साखर कारखानदारी वाढली आणि स्थानकाभोवतीच्या बाजारपेठेचे पाहता पाहता श्रीरामपूर शहर झाले. शहर मोठे झाले तरी फलकावरचे नाव मात्र जुनेच राहिले.

याच शहरात ७ ऑक्टोबर १९७८ रोजी झहीर खानचा जन्म झाला. वडील छायाचित्रकार, आई शिक्षिका, शिक्षण गावातल्याच मराठी शाळेत. वयाची बावीस वर्षे पूर्ण व्हायला चार दिवस उरले असताना तो भारताकडून पहिला एकदिवसीय सामना खेळला. त्या दिवसापासून पुढची अकरा वर्षे देशातील क्रिकेटरसिकांनी त्याच्याकडे जे मागितले आणि त्याने जे दिले, त्यांचा मेळ कधी बसला, कधी अजिबात बसला नाही. नवोदित खेळाडूकडून चाहते नेमके काय मागतात आणि ती मागणी येते कुठून, हे समजून घ्यायचे तर अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही.

‘रुकी’ आणि पॉइंट गार्ड

नवोदिताकडून ठेवायच्या अपेक्षांचा हिशेब सर्वांत उघडपणे मांडला जातो तो अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये. ‘एनबीए’त पहिल्या हंगामातील खेळाडूला ‘रुकी’ असे स्वतंत्र नावच आहे आणि हंगामाच्या अखेरीस सर्वोत्तम रुकीला पुरस्कारही मिळतो. नवे खेळाडू संघांत येतात ते ‘ड्राफ्ट’ नावाच्या निवडपद्धतीने. मागच्या हंगामात तळाला राहिलेल्या संघांना आधी निवड करण्याची संधी अधिक मिळावी, अशी सोडतीची रचना तेथे केलेली आहे. स्पर्धेतील समतोल टिकावा हा तिचा हेतू रास्तच म्हणावा लागेल. पण तिचा एक परिणाम असा होतो की, सर्वाधिक गाजावाजा झालेला तरुण बहुतेकदा सर्वाधिक गांजलेल्या संघाच्या पदरात पडतो. चाहते कित्येक वर्षांचे उपाशी असतात आणि त्यांच्यासमोर एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा उभा केला जातो.

तो मुलगा पॉइंट गार्ड असेल तर ओझे आणखी वाढते. बास्केटबॉलच्या पाच खेळाडूंमध्ये चेंडू स्वतःच्या भागातून पुढे नेण्याचे, चाल ठरवण्याचे आणि योग्य सहकाऱ्याला योग्य क्षणी पास देण्याचे काम त्याचे. प्रत्येक आक्रमणाच्या आरंभी चेंडू त्याच्याच हातात असतो. त्यामुळे त्याची चूक लपत नाही. उंच खेळाडू एखाद्या चालीत कुठे कमी पडला हे जाणकारालाच कळते, पण पॉइंट गार्डने चेंडू गमावला की ते गॅलरीतल्या शेवटच्या रांगेतल्या माणसालाही दिसते. शिवाय हे काम पायांपेक्षा डोक्याचे अधिक. चार सहकाऱ्यांच्या सवयी आणि समोरच्या पाच जणांचे डावपेच ओळखायला वेळ लागतो. चाहत्यांची तो वेळ देण्याची तयारी नसते.

दोन उदाहरणे पुरेशी आहेत. जॉन स्टॉकटनला युटा जॅझ संघाने १९८४च्या ड्राफ्टमध्ये सोळाव्या क्रमांकावर निवडले. त्याच्याकडून कोणी फारसे काही मागितले नव्हते. पहिले तीन हंगाम तो बहुतेक सामन्यांत राखीव म्हणूनच मैदानात उतरत असे. चौथ्या हंगामात तो पहिल्या पाचांत स्थिरावला, त्याच हंगामात गुण मिळवून देणाऱ्या पासेसच्या यादीत, ज्यांना तेथे ‘असिस्ट’ म्हणतात, तो लीगमध्ये पहिला आला आणि सलग नऊ हंगाम पहिलाच राहिला. कारकीर्द संपली तेव्हा त्याच्या नावावर १५,८०६ असिस्ट होते. हा विक्रम अजून कोणाला मोडता आलेला नाही.

याउलट डेरिक रोझ. तो शिकागोत जन्मला, वाढला आणि २००८मध्ये शिकागो बुल्सनेच त्याला पहिल्या क्रमांकावर निवडले. मायकेल जॉर्डनच्या काळात सहा विजेतेपदे पाहिलेले ते शहर दहा वर्षे सातव्याची वाट पाहत होते. रोझने पहिल्या हंगामात सर्वोत्तम रुकीचा पुरस्कार मिळवला आणि २०११मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, तो लीगचा सर्वांत तरुण सर्वोत्तम खेळाडू ठरला. एप्रिल २०१२मध्ये त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. पुढच्या हंगामात तो एकही सामना खेळला नाही, तेव्हा ज्या शहराने त्याला डोक्यावर घेतले होते त्याच शहरात ‘हा कधी खेळणार?’ अशी कुरकुर सुरू झाली. दुखापत गुडघ्याला झाली होती, पण हिशेब मागितला जात होता तो इच्छाशक्तीचा.

मग मराठी उदाहरण बास्केटबॉलचेच का घेऊ नये, असे कोणी विचारील. महाराष्ट्रात बास्केटबॉलचे मैदान असलेल्या शाळा-महाविद्यालयांची उणीव नाही. २०१५मध्ये सुरू झालेल्या ‘यूबीए’ या व्यावसायिक लीगमध्ये पुणे पेशवाज आणि मुंबई चॅलेंजर्स असे दोन संघही होते. पण ती लीग काही हंगामांपलीकडे टिकली नाही. नवोदितावर अपेक्षांचे ओझे पडायला आधी त्याचे नाव घराघरांत जावे लागते. आपल्याकडे ते भाग्य, किंवा ते दुर्दैव, क्रिकेटपटूच्या वाट्याला येते. आणि क्रिकेटमध्ये पॉइंट गार्डसारखा प्रसंग कोणावर येत असेल तर तो नव्या चेंडूच्या गोलंदाजावर. सामन्याचा पहिला चेंडू त्याच्या हातात असतो आणि तो वाइड पडला तर साऱ्या देशाला दिसतो.

श्रीरामपूर ते नैरोबी

झहीरने अभियांत्रिकीला प्रवेश घेतला होता. ते शिक्षण सोडून क्रिकेटच्या मागे जाण्यास वडिलांनीच पाठबळ दिले, असे त्याने वेळोवेळी सांगितले आहे. ज्या जिल्ह्यात कारखान्यातील किंवा सरकारी खात्यातील नोकरी ही कुटुंबाच्या स्थैर्याची खूण मानली जाते, तेथे हा निर्णय किती धाडसाचा होता हे वेगळे सांगायला नको. सतराव्या वर्षी तो मुंबईला आला. माजी कसोटीपटू सुधीर नाईक यांच्या नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये तो खेळू लागला. तेथून चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये त्याची निवड झाली आणि टी. ए. शेखर व डेनिस लिली यांच्यासमोर त्याच्या गोलंदाजीला आकार आला. मुंबईच्या रणजी संघात जागा मिळण्याची चिन्हे दिसेनात, म्हणून १९९९-२०००च्या हंगामात त्याने बडोद्याचा रस्ता धरला.

हा तपशील महत्त्वाचा आहे. भारतीय संघात आला तेव्हा झहीरच्या गाठीशी प्रथम श्रेणीचा जेमतेम एक हंगाम होता. श्रीरामपुरात जलदगती गोलंदाज घडवणारी व्यवस्था नव्हती, मुंबईच्या मैदानांवरची कांगा लीगपासूनची पायरी-पायरीची वाटचालही त्याच्या वाट्याला पुरती आली नाही. त्याच्याकडे वेग होता, डाव्या हाताचा कोन होता आणि यॉर्कर होता. बाकी बरेच शिकायचे होते.

३ ऑक्टोबर २००० रोजी नैरोबीत ‘आयसीसी नॉकआउट’ स्पर्धेत केनियाविरुद्ध त्याने पदार्पण केले आणि ४८ धावांत तीन बळी घेतले. त्याच सामन्यात युवराजसिंगही पहिल्यांदा खेळला. चार दिवसांनी, झहीरच्या बाविसाव्या वाढदिवशी, उपांत्यपूर्व फेरीत समोर ऑस्ट्रेलिया होता. युवराजच्या ८४ धावांनी भारताने २६५पर्यंत मजल मारली. ऑस्ट्रेलियाचा पाठलाग रंगात असताना झहीरच्या एका यॉर्करने कर्णधार स्टीव्ह वॉचा त्रिफळा उडाला. भारताने सामना २० धावांनी जिंकला आणि पुढे अंतिम फेरीही गाठली. तेथे न्यूझीलंडने हरवले, पण तोवर त्या यॉर्करची प्रतिमा लोकांच्या मनात पक्की बसली होती.

ती इतकी का बसली, याचे उत्तर झहीरच्या गोलंदाजीत अर्धेच सापडते. उरलेले अर्धे त्या वर्षात आहे. एप्रिल २०००मध्ये दिल्ली पोलिसांनी हॅन्सी क्रोनिएचे प्रकरण उघडकीस आणले आणि सामनानिश्चितीच्या आरोपांनी भारतीय क्रिकेट मुळापासून हादरले. ज्यांच्यासाठी लोकांनी रात्री जागवल्या होत्या, त्यांच्याविषयीच शंका निर्माण झाली. प्रशिक्षक कपिल देव यांनी सप्टेंबरमध्ये पद सोडले. लोकांना पाहावासा वाटणारा चेहरा हवा होता आणि तो जितका नवा, जितका लहान गावचा, तितका बरा, कारण नव्या माणसावर जुने डाग नसतात. नैरोबीत युवराज आणि झहीर दिसले. चाहत्यांनी त्यांच्यात दोन खेळाडूंबरोबरच आपल्या विश्वासाची परतफेडही पाहिली.

दुसरी भूक आणखी जुनी होती. कपिलदेवनंतर जवागल श्रीनाथने एकट्याने भार वाहिला आणि तोही आता तिशी ओलांडून गेला होता. डावखुरा जलदगती गोलंदाज तर भारताकडे क्वचितच झाला. करसन घावरी यांचे १०९ कसोटी बळी हीच त्या बाबतीतली ठळक नोंद होती. सीमेपलीकडे मात्र वासिम अक्रम होता. दशकभर अक्रमचे यॉर्कर दूरचित्रवाणीवर पाहून हळहळलेल्या पिढीला एकाएकी आपल्याच जिल्ह्यातला, आपल्याच राज्यातला, आपल्याच देशातला डावखुरा मुलगा तसाच यॉर्कर टाकताना दिसला. तुलना लगेच सुरू झाली. अक्रमने तोवर पंधरा वर्षे आंतरराष्ट्रीय क्रिकेट खेळले होते आणि झहीरने पंधरा दिवस, हा फरक तुलना करणाऱ्यांच्या लेखी किरकोळ ठरला.

मागणी वाढत जाते

नवोदिताच्या पहिल्या वर्षात चाहते साधारणपणे त्याच्या चुका पोटात घालतात आणि त्याच्या यशाला मात्र व्याज लावतात. ८ डिसेंबर २००० रोजी जोधपूरला झिम्बाब्वेविरुद्ध झहीरने हेन्री ओलोंगाच्या अखेरच्या षटकात लागोपाठ चार षटकार ठोकले आणि ११ चेंडूंत नाबाद ३२ धावा केल्या. तो सामना भारत एका गड्याने हरला, हे आज कितीजणांच्या लक्षात आहे? लक्षात राहिले ते षटकार आणि त्या दिवसापासून ‘हा अष्टपैलूही होईल’ अशी जादा मागणी नोंदली गेली. तसे काही झाले नाही, ती त्याची प्रकृतीच नव्हती. पण पुढे तो शून्यावर बाद झाला की नाराजी व्यक्त होई, ती त्या चार षटकारांच्या खात्यावर.

त्याच हंगामात बडोद्याने रणजी करंडक जिंकला आणि रेल्वेविरुद्धच्या अंतिम सामन्यात झहीरचा मोठा वाटा होता. या कामगिरीची चर्चा षटकारांच्या मानाने फारच थोडी झाली. गोलंदाज म्हणून तो कुठवर आला आहे हे सांगणारी खरी खूण ती होती, पण देशांतर्गत सामन्याच्या रिकाम्या गॅलऱ्यांत अपेक्षा तयार होत नाहीत.

१३ जुलै २००२ रोजी लॉर्ड्सवर नॅटवेस्ट मालिकेच्या अंतिम सामन्यात ३२६ धावांचा पाठलाग पूर्ण झाला, त्या क्षणी मोहम्मद कैफबरोबर खेळपट्टीवर झहीरच होता. आणि मग आला २००३चा विश्वचषक.

त्या स्पर्धेकडे दोन पहिल्या षटकांच्या आधारे पाहता येते. १४ मार्चला सेंच्युरियनवर न्यूझीलंडविरुद्ध झहीरने पहिल्याच षटकात लागोपाठच्या चेंडूंवर क्रेग मॅकमिलन आणि नॅथन अॅस्टल यांना बाद केले. सामन्यात ४२ धावांत चार बळी. नऊ दिवसांनी, रविवारी २३ मार्चला, जोहान्सबर्गमध्ये अंतिम सामन्याचे पहिले षटक त्याच्याच हाती होते. नो-बॉल पडले, वाइड पडले, षटक संपता संपेना. १५ धावा गेल्या. सात षटकांत ६७ धावा आणि बळी एकही नाही, असे त्याचे पृथक्करण झाले. ऑस्ट्रेलियाने ३५९ धावा केल्या, रिकी पाँटिंग १४०वर नाबाद राहिला, भारत १२५ धावांनी हरला.

स्पर्धेत झहीरने भारताकडून सर्वाधिक, १८ बळी घेतले होते. पण त्यानंतर कित्येक वर्षे त्याच्याविषयी बोलताना ते एक षटकच बोलण्यात येई. अंतिम सामना हरण्याची कारणे अनेक होती. समोरचा संघ त्या काळात जवळपास अजिंक्य होता, नाणेफेक जिंकून क्षेत्ररक्षण घेण्याचा निर्णय वादग्रस्त ठरला, पाँटिंग आणि डॅमियन मार्टिन यांची भागीदारी कोणालाच फोडता आली नाही. मात्र दोषाला चेहरा लागतो आणि ज्याच्या हाती पहिला चेंडू त्याचा चेहरा सर्वांत आधी आठवतो. पॉइंट गार्डची जी गत, तीच येथे झाली. चोवीस वर्षांच्या त्या गोलंदाजाने त्या दिवशी अतिउत्साहात लय गमावली, एवढेच खरे. साऱ्या देशाचा उत्साह त्याच्या अंगात शिरला होता असे म्हटले तरी चालेल.

त्यानंतर शरीराने साथ सोडली. डिसेंबर २००३मध्ये ब्रिस्बेन कसोटीत ९५ धावांत पाच बळी घेऊन त्याने ऑस्ट्रेलियाला रोखले आणि लगेच मांडीच्या स्नायूने दगा दिला. अॅडलेडच्या पुढच्या कसोटीत त्याची जागा घेतली ती एकोणीस वर्षांच्या इरफान पठाणने. तोही डावखुरा, तोही बडोद्याचा. चाहत्यांनी अक्रमची उपमा आता इकडून उचलून तिकडे ठेवली. जानेवारी २००६मध्ये कराचीत सामन्याच्या पहिल्याच षटकात इरफानने हॅटट्रिक साधली तेव्हा तर तो फलंदाजीतही कपिलदेवची जागा घेणार, याविषयी कोणाला शंका उरली नाही. इरफानची शेवटची कसोटी एप्रिल २००८मध्ये झाली, तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. २९ कसोटींत १०० बळी ही काही लहानसहान कामगिरी नव्हे. परंतु त्याच्याविषयी लिहिताना आजही ‘काय झाला असता’ हाच सूर लागतो. नवोदिताला दिलेली उपमा शेवटी त्याच्याकडूनच वसूल केली जाते, ती अशी.

वूस्टरचे दिवस

२००६मध्ये झहीर भारतीय संघाबाहेर होता. दुखापती झाल्या होत्या, तंदुरुस्तीविषयी कुजबूज होती, तरुण गोलंदाजांची रांग लागली होती. त्या उन्हाळ्यात तो इंग्लंडमध्ये वूस्टरशायरकडून कौंटी क्रिकेट खेळायला गेला. कौंटी अजिंक्यपद स्पर्धेचा तो दुसरा विभाग होता. तेथे भारतीय चाहत्यांचा गराडा नव्हता आणि दर चेंडूनंतर रिप्ले पाहून निकाल देणारा देश समोर नव्हता. आठवड्यामागून आठवडे चार दिवसांचे सामने आणि हातात ड्यूकचा चेंडू. त्याने धावपट्टा आखूड केला, अंगातला अनावश्यक जोर काढून टाकला, वेगाचा हव्यास सोडून चेंडू दोन्हीकडे वळवण्याकडे लक्ष दिले. हंगामाअखेर त्याच्या नावावर ७८ बळी होते.

माझ्या मते झहीरच्या कारकिर्दीतले सर्वांत मोलाचे वर्ष हेच आणि नेमके तेच वर्ष त्याच्या बहुतेक चाहत्यांनी पाहिलेले नाही. स्टॉकटनची पहिली तीन वर्षे जशी राखीव बाकावर, तशी झहीरची ही सहा वर्षांनी आलेली उमेदवारी. क्रम उलटा झाला खरा. उमेदवारी आधी आणि कीर्ती नंतर, हा नेहमीचा शिरस्ता. नैरोबीने त्याला आधी कीर्ती दिली आणि उमेदवारीसाठी पुन्हा मागे जायला लावले.

परतल्यावर दिसलेला गोलंदाज निराळा होता. २००६-०७च्या रणजी अंतिम सामन्यात तो बंगालविरुद्ध मुंबईकडून खेळला. ज्या संघात जागा मिळेना म्हणून तो बडोद्याला गेला होता, त्या संघाकडूनचा हा त्याचा पहिला सामना. त्यात त्याने नऊ बळी घेतले आणि मुंबईने करंडक जिंकला. जुलै २००७मध्ये ट्रेंटब्रिज कसोटीत खेळपट्टीवर टाकलेल्या जेली बीन्सच्या गोळ्यांवरून वाद झाला, झहीर चिडला आणि मग दुसऱ्या डावात ७५ धावांत पाच बळी घेऊन त्याने इंग्लंडला गुंडाळले. सामन्यात नऊ बळी, भारताचा विजय आणि इंग्लंडमध्ये १९८६नंतर प्रथमच मालिका खिशात. २००३मध्ये त्याचा उत्साह त्याच्यावर स्वार झाला होता. येथे राग त्याच्या ताब्यात राहिला.

२०११च्या विश्वचषकात तो बत्तीस वर्षांचा होता. बोटांच्या पेरांत पकडून, हाताच्या गतीत फरक न दाखवता संथ टाकायचा ‘नकल बॉल’ त्याने शिकून घेतला होता, जुना चेंडू उलटा वळवण्याची कला हातात बसली होती. शाहिद आफ्रिदीच्या बरोबरीने स्पर्धेत सर्वाधिक, २१ बळी त्याने घेतले. २ एप्रिलला वानखेडेवर अंतिम सामन्याचे पहिले षटक पुन्हा त्याचेच. पहिली तीन षटके निर्धाव गेली. पाच षटके, तीन निर्धाव, सहा धावा, एक बळी अशी ती सुरुवात होती. त्याच डावात अखेरच्या षटकांत श्रीलंकेच्या फलंदाजांनी त्याला भरपूर चोपले आणि दहा षटकांत ६० धावांत दोन बळी असा त्याचा शेवटचा हिशेब झाला. जोहान्सबर्गच्या पहिल्या षटकाप्रमाणे वानखेडेवरच्या शेवटच्या दोन षटकांचे कोणी नाव काढत नाही. भारत जिंकला होता ना!

२०१५मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली तेव्हा ९२ कसोटींत ३११ आणि २०० एकदिवसीय सामन्यांत २८२ बळी त्याच्या नावावर होते. २०२०मध्ये त्याला पद्मश्री मिळाली.

लिलावाची किंमत

झहीर आला तेव्हा नवोदिताच्या अपेक्षेला आकडा नव्हता. २००८मध्ये आयपीएल सुरू झाल्यापासून तो मिळाला आहे. अमेरिकेत जे काम ड्राफ्टचा क्रमांक करतो, ते आपल्याकडे लिलावाची रक्कम करते. पहिला चेंडू टाकण्यापूर्वी किंवा खेळण्यापूर्वी नवोदिताची किंमत घरबसल्या प्रत्येकाला ठाऊक असते. नोव्हेंबर २०२४च्या लिलावात राजस्थान रॉयल्सने बिहारच्या वैभव सूर्यवंशीला एक कोटी दहा लाखांना घेतले, तेव्हा तो अवघा तेरा वर्षांचा होता. एप्रिल २०२५मध्ये त्याने पदार्पणाच्या पहिल्याच चेंडूवर षटकार मारला आणि नऊ दिवसांनी गुजरात टायटन्सविरुद्ध ३५ चेंडूंत शतक झळकावले. कौतुक करावे तितके थोडेच. पण त्या मुलाने मारलेला प्रत्येक षटकार पुढच्या सामन्याची मागणी वाढवून ठेवतो, हे जोधपूरच्या चार षटकारांवरून आपल्याला ठाऊक असायला हवे.

प्रवरेकाठचा दुसरा मुलगा

श्रीरामपूरहून प्रवरेच्या कडेने वरच्या अंगाला गेले की संगमनेर तालुका लागतो. तेथल्या आश्वी खुर्दचा अजिंक्य रहाणे. जन्म ६ जून १९८८, बालपण मात्र डोंबिवलीत. मुंबईच्या रणजी संघाकडून धावांच्या राशी घालून तो आला, म्हणजे झहीरच्या नेमक्या उलट्या वाटेने. ऑगस्ट २०११मध्ये मँचेस्टरला ट्वेन्टी-२०च्या पदार्पणात त्याने ६१ धावा केल्या. नंतर कसोटी संघात त्याची निवड झाली, पण अकरांत जागा मिळेना. सुमारे दीड वर्ष तो संघाबरोबर फिरत, पाणी आणि हातमोजे पोहोचवत राहिला. अखेर २२ मार्च २०१३ रोजी दिल्लीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध संधी मिळाली आणि दोन डावांत त्याने केल्या ७ आणि १.

तरीही आकांडतांडव झाले नाही. त्याच मालिकेत मोहालीला शिखर धवनने पदार्पणातच १८७ धावांचा पाऊस पाडला होता आणि सगळ्यांचे डोळे तिकडे होते. रहाणेकडे कोणाचे लक्ष नव्हते, आणि त्याचा त्याला तोटा झाला असे दिसत नाही. डिसेंबर २०१३मध्ये दरबानला नाबाद ५१ आणि ९६, फेब्रुवारी २०१४मध्ये वेलिंग्टनला पहिले शतक, जुलैत लॉर्ड्सच्या हिरव्या खेळपट्टीवर १०३. तो आला केव्हा आणि स्थिरावला केव्हा, हे चाहत्यांना नंतर मागे वळून पाहताना कळले. पुढे त्याच्यावरही मोठ्या धावांची सक्ती आली, लागोपाठ अपयश आल्यावर टीकाही झाली. ती मात्र अनुभवी खेळाडूवरची टीका होती, तिची जात निराळी.

डिसेंबर २०२०मध्ये अॅडलेडला भारताचा डाव ३६ धावांत आटोपला आणि विराट कोहली मायदेशी परतला, तेव्हा मेलबर्नला संघाची धुरा रहाणेकडे आली. त्या संघात शुभमन गिल आणि मोहम्मद सिराज हे दोघे पहिलीच कसोटी खेळत होते. रहाणेने ११२ धावा केल्या आणि तो धावबाद झाला, तोही रवींद्र जडेजाच्या अर्धशतकाच्या धावेसाठी पळताना. तंबूत परतताना त्याने जडेजाच्या पाठीवर हात ठेवून त्याला खेळत राहायला सांगितले. सिराजने त्या सामन्यात पाच बळी घेतले. पहिल्या दिवशी मात्र कर्णधाराने त्याच्या हाती चेंडू उपाहारापर्यंत दिलाच नव्हता.